नोंद नसलेल्या अकरा सकाळी

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. वय एकोणचाळीस, चालणं तरातरा, चष्मा नाकावर कमी आणि डोक्यावर जास्त. मावशी म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. पण ती झाडायची, म्हणून मावशी. केर काढायला वेगळी बाई यायची आणि तिला मात्र सगळे मॅडम म्हणत, कारण ओल्या फरशीवर पाय ठेवला तर ती साहेबांनासुद्धा दाराबाहेर उभं करायची.

मावशी झाडायची ते लोकांचं कोडिंग. प्रत्येकाच्या मशीनवर कामाचं एक फोल्डर असतं. त्यात माणूस लिहितो, खोडतो, करून बघतो. जमलं की ‘कमिट’ करतो, म्हणजे नावानिशी, तारखेनिशी पक्की नोंद. ती नोंद कुठे जात नाही. पण कमिट न केलेलं काम म्हणजे ओट्यावरचा पसारा. धक्का लागला, सांडलं, की गेलं. दर आठवड्याला कुणीतरी आपल्याच पसाऱ्यात पाय अडकून हाका मारायचं, “मावशी, वाचवा! काल चालत होतं हो!”

मग मावशी यायची आणि आधी त्या माणसाला खुर्चीवरून उठवायची.

“ऊठ. हात मागे.”

“सगळं पुसून टाका ना मावशी, पहिल्यासारखं करा.”

“पुसायचं सगळ्यात शेवटी, राजा. तोंड धुताना चष्मा आधी काढतोस ना?”

तिची पद्धत ठरलेली होती, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाकडून ती पाढ्यासारखी म्हणून घ्यायची: बघ, ठेव, विचार, पूस. आधी बघ, काय काय बदललंय. मग ते सगळं ‘स्टॅश’ नावाच्या कपाटात ठेव, म्हणजे उद्या रडू आलं तर परत काढता येईल. मग पुसायच्या आज्ञेची सुकी फेरी घे. म्हणजे मशीनला विचार, की बाबा रे, पुसायला सांगितलं तर तू काय काय पुसशील? ते यादी देतं, हात लावत नाही. यादी वाच. आणि मगच पूस. अकरा वर्षांत मावशीच्या हातून कुणाची एक ओळ हरवली नव्हती. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, कारण ती स्वतःच दिवसातून दोनदा सांगायची.

अशा बाईला हेवा वाटायचं कारण काय? कारण होतं. ते तिच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचं आणि ऑफिसात तिच्यापासून तिसऱ्या टेबलावर बसायचं.

धाकटी जाऊ.

जावाजावा आणि उभा दावा, ही म्हण जुनी. पण त्या म्हणीतल्या जावांना निदान दिवसभर एका ऑफिसात तरी बसावं लागत नसेल. आणि धाकटीला या ऑफिसात आणलं कुणी? मावशीनेच. चार वर्षांपूर्वी, लग्न होऊन आली तेव्हा, “घरी बसून काय करशील, चल माझ्याबरोबर,” म्हणून बोट धरून. पाढा मावशीने शिकवला. पहिलं कमिट मावशीने हात धरून करून घेतलं. आणि आता त्याच बोटाला धरून पोरगी खांद्यावर चढून बसली होती.

दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून टेबलावर ठेवायला एकेक रोप आणलं होतं. धाकटीचं रोप खिडकीपर्यंत गेलं. मावशीचं पंधरा दिवसांत वाळून खडखडीत झालं, आणि तिने ते टाकलंही नाही. धाकटीच्या नजरेसमोर राहावं म्हणून ठेवलं, असं म्हणायलाही हरकत नाही. धाकटी हसली की अख्खं ऑफिस माना वर करून बघायचं. मावशी हसली की विचारायचे, “काय झालं, कुणाचं उडालं?”

घरी आणखी कहर. सासूबाई राहायच्या मावशीकडे, खालच्या मजल्यावर. पण संध्याकाळचा चहा वर.

“तिच्या चहात काय आहे एवढं?” मावशी विचारायची.

“चहा तसाच असतो गं. पण ती बसते माझ्याजवळ. तू उभ्याने कप देतेस.”

“मला कामं असतात!”

“तिलाही असतात. तिचे हात चालतात. तुझं तोंड.”

राहायचं माझ्याकडे, दुखलं-खुपलं माझ्याकडे आणि कौतुकं वर, असं मावशी नवऱ्याला म्हणाली. नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला, “हं.” त्या ‘हं’वरही तिचा जळफळाट झाला, कारण वरच्या मजल्यावरून दीर आणि धाकटी एकत्र हसल्याचा आवाज येत होता.

आता दोघींमध्ये अबोला कसा धरला गेला, ते. त्यांची कंपनी लहानशी, बारा माणसांची. शहरातल्या बस थांब्यांवर जे बोर्ड असतात, ‘पुढची बस इतक्या मिनिटांत’, ते बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम त्यांचा. आणि मिनिटांचा तो हिशेब आठ वर्षांपूर्वी लिहिला होता मावशीने. एकटीने, पंचेचाळीस दिवसांत. गावभर चाळीस थांब्यांवर तिचे आकडे लाल अक्षरांत चमकत. रस्त्याने जाताना ती कधी कधी उगाच एखाद्या बोर्डाखाली उभी राहायची, बस पकडायची नसतानाही.

तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, “आणखी तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, बसवाले येतील, नव्या बोर्डांचं काम बघायला. ते पार पडलं की मी या कामाला एक गटप्रमुख नेमणार आहे. आणि कोड कसा लिहावा, ते हिच्याकडून शिका.” बोट धाकटीकडे. “आरसा आहे आरसा.”

आठ वर्षं मावशी त्या खुर्चीची वाट बघत होती. आणि बोट तिसऱ्या टेबलाकडे गेलं.

त्या दिवसापासून अबोला. घरात ‘हो’ आणि ‘नाही’, ऑफिसात मान. सकाळी दोघी दवाखान्याजवळच्या एकाच थांब्यावरून बस पकडायच्या. आता मावशी लांबून धाकटीला थांब्यावर बघायची आणि चप्पलचा पट्टा दुरुस्त करत पुढची बस येईपर्यंत कोपऱ्यावर रेंगाळायची. धाकटी थांब्यावर मोबाइलमध्ये काहीतरी टिपत उभी असायची. मावशीला वाटायचं, मैत्रिणीला लिहीत असेल, माझी जाऊ अशी नि माझी जाऊ तशी.

बसवाले यायचे त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, धाकटी रजेवर होती. दाढ काढायला गेली होती.

“दाढ!” मावशी मनात म्हणाली. “अक्कलदाढच असणार. जास्त आलेली.”

दुपारी साहेब आले. “मावशी, दाखवायचं मशीन झाडून ठेवा बरं. उद्या शेवटच्या नोंदीवरचंच दाखवायचं, अर्धवट काही नको. गेले तीन आठवडे ते तुमच्या जावेकडे होतं, चाचणीचा बोर्ड त्याला जोडलेला म्हणून. पसारा असेल. पण तिला एकदा विचारून घ्या हं.”

“हो,” मावशी म्हणाली.

आणि विचारलं नाही. तीन आठवडे जिच्याशी बोललो नाही तिला फोन करून काय म्हणायचं? शिवाय तिच्या तोंडात कापूस. शिवाय, आणि हे मावशीने स्वतःलाही नीट ऐकू दिलं नाही, विचारायचं नव्हतंच.

ती मशीनसमोर बसली. खुर्ची धाकटीने स्वतःच्या मापाने वर करून ठेवलेली, पाय लोंबकळले. तिने खटकन खाली केली.

बघ.

दोन गोष्टी होत्या. एक, बदललेली फाईल. कुठली? मिनिटांच्या हिशेबाची. तिची! आठ वर्षांपूर्वी तिने लिहिलेली, त्यात धाकटीने एकोणीस ओळी बदलल्या होत्या. मावशीच्या कानशिलांत आग गेली. आपल्या स्वयंपाकघरात शिरून कुणी मसाल्याचे डबे हलवून ठेवावेत, तसं झालं.

दुसरी, एक अगदी नवी फाईल, जिची अजून कुठेच नोंद नव्हती. नाव: अकरा सकाळी. मावशीने ती उघडली. पहिल्या रकान्यात तारखा. दुसऱ्यात, बोर्डाने सांगितलेली मिनिटं: ३, ३, ३, ३. तिसऱ्यात, बस खरंच आली ती मिनिटं: ९, ९, १०, ९. अकरा ओळी. आणि सगळ्यात वर ठिकाण, दवाखान्याचा थांबा.

तिला एका नजरेत कळलं. चार वर्षांपूर्वी तो रस्ता बदलला होता. बस आता दवाखान्याच्या फाटकातून आत वळते, दाराशी थांबते, चाकाच्या खुर्च्या चढतात-उतरतात, आणि मग बाहेर येते. मावशीच्या हिशेबाला हे माहीतच नव्हतं. बस फाटकाशी आली की त्याला वाटायचं, आलीच, तीन मिनिटं. रोज त्या थांब्यावर उभी राहून मावशी म्हणायची, “रहदारी हो, दुसरं काय!” दीर घरात चिडवायचा, “वहिनी, जेवायला किती वेळ? साधी तीन मिनिटं की तुमची तीन मिनिटं?”

म्हणजे धाकटी थांब्यावर उभी राहून हे टिपत होती. माझ्या चुका. तारीखवार.

“उद्या बसवाल्यांसमोर काढणार होतीस होय,” मावशी पडद्याला म्हणाली. “पुरावा घेऊन. आणि खुर्ची घेऊन जाणार.”

पलीकडच्या टेबलावरून चाचणीवाल्याने मान वर केली. त्याला सगळे शंकासुर म्हणत, कारण शंका काढायचाच त्याला पगार होता.

“काही म्हणालात, मावशी?”

“पसारा आहे म्हटलं.”

“तिला विचारलंत का?”

“तू तुझं बघ.”

ठेव. तिने कपाटाची आज्ञा दिली. आता या कपाटाची एक खोड आहे, आणि मावशी ती पहिल्याच दिवशी शिकवायची. नुसतं ‘ठेव’ म्हटलं तर ते फक्त जुन्या, नोंद असलेल्या फाइलींमधले बदल आत घेतं. नव्या फाइली तशाच बाहेर राहतात. त्यांच्यासाठी ‘नव्यांसकट’ असं वेगळं सांगावं लागतं. “बोला सगळे,” ती म्हणायची, “ठेव कसं?” आणि पोरं एका सुरात म्हणायची, “नव्यांसकट!”

मावशी ‘नव्यांसकट’ म्हणाली नाही.

विचार. सुकी फेरी. यादीत एकच नाव आलं: अकरा सकाळी.

ते नाव कपाटात गेलं असतं तर यादीत आलंच नसतं. मावशीच्या जागी काल लागलेला पोरगा असता तरी त्याला ते कळलं असतं. तिने नाव वाचलं. ओठ हलवून वाचलं. आणि मनात म्हणाली, ठेवलंय की आपण.

पूस.

मशीन म्हणालं, सगळं स्वच्छ. मावशी मागे टेकली. छातीत गार वाटलं. असं गार तिला फार दिवसांत वाटलं नव्हतं, आणि ते फार तर अर्धा मिनिट टिकलं.

कारण मघाशी उघडलेली फाईल एडिटरच्या, म्हणजे लिहायच्या खिडकीत अजून उघडीच होती. वरती तिचं नाव होतं, पण त्या नावावर आता एक आडवी रेघ आली होती. फाईल गेली, असं सांगणारी. अक्षरं तेवढी पडद्यावर उरली होती. ती खिडकी बंद केली की संपलं. कपाटात नाही, नोंदीत नाही, कुठे नाही. धाकटीने सकाळच्या त्या टिपा रोज ऑफिसात आल्यावर इथे उतरवल्या असणार आणि मोबाइलवरच्या पुसल्या असणार. दोन ठिकाणी ठेवलं की दोन्हीकडे घोळ, हेही मावशीनेच शिकवलेलं.

आता ‘विसरले’ म्हणायची सोय नव्हती. मघाचं विसरणं वेगळं होतं. ही खिडकी हाताने बंद करावी लागणार होती.

तिने बाण खिडकीच्या फुलीवर नेला. नेताना पडदा थोडा उजवीकडे सरकला, आणि चौथा रकाना दिसला. मघाशी तो कडेबाहेर होता. शीर्षक होतं: शेरा.

पहिल्या ओळीत: ‘बस फाटकात वळली. म्हणजे कारण हेच. कमिट नको. आधी ताईंना सांगायचं.’

दुसऱ्या: ‘आज सांगणार होते. ताई पुढच्या बसने आल्या.’

तिसऱ्या: ‘ताई कोपऱ्यावर चप्पल दुरुस्त करत होत्या. कालही. चप्पल नवीन घ्यायला हवी त्यांना.’

पाचव्या: ‘जिन्यात भेटल्या. मी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, दार लाव.’

सातव्या: ‘सासूबाईंना विचारलं, कसं सांगू. त्या म्हणाल्या, तिला सांगायला जाऊ नकोस, तिच्याजवळ जाऊन बस. बसायला गेले. ताई उठल्या.’

नवव्या: ‘मला रागही येतो. मी काय चोरी केली?’

अकराव्या ओळीत शेरा नव्हता. फक्त ‘दाढ दुखते’.

मावशीने चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि सगळं पुन्हा एकदा वाचलं. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आला तो हेवाच, पहिल्याहून जहरी. म्हणजे चूक शोधण्यात ही पुढे, आणि ती झाकण्यातही हीच पुढे! निदान वाईट तरी असायचीस गं! तेवढी एक जागा तरी मला मोकळी ठेवायचीस!

“मावशी,” शंकासुर म्हणाला, “तुम्ही पडद्यावर डोळे वटारताय.”

“चहा कमी झालाय.”

“आत्ताच प्यायलात.”

“मग जास्त झालाय!”

तिने फाईल जतन केली. नावावरची रेघ गेली. मग पुन्हा पहिल्यापासून: बघ. ठेव, नव्यांसकट. यावेळी ती हे मोठ्याने म्हणाली. विचार. यादी रिकामी आली. पूस असं म्हणायला काही उरलंच नव्हतं. कपाट उघडून तिने एकदा तपासलं: मघाशी ठेवलेल्या एकोणीस ओळी एका कप्प्यात, अकरा सकाळी दुसऱ्यात. मशीन आरशासारखं लख्ख. कुणाला काही कळलं नसतं.

घरी गेली तर वरून सासूबाईंचा आवाज, “अगं, धाकटीचा गाल बघ केवढा सुजलाय!” मावशी पायऱ्या चढून अर्ध्यापर्यंत गेली. तिथे उभी राहिली. आणि उतरून आली. अबोला मोडायला जिना पुरत नाही.

शुक्रवारी सकाळी धाकटी थांब्यावर होती. मफलर गालाभोवती गुंडाळलेला, त्यात गाल एखाद्या उशीसारखा. मावशी कोपऱ्यावर आली. हात आपोआप चप्पलकडे गेला. मग तिने कंबर सरळ केली आणि सरळ चालत येऊन धाकटीच्या शेजारी उभी राहिली.

वर बोर्ड चमकत होता: ३ मिनिटं.

“तीन म्हणतोय,” मावशी म्हणाली. “म्हणजे नऊ आहेत आपल्याकडे.”

धाकटीने मान इतकी झटकन वळवली की तिला कळ आली. गालावर हात दाबून तिने डोळे मोठे केले.

“बोलू नकोस. डॉक्टरने बोलू नको म्हटलंय ना? बरंच झालं. मी बोलते. मी काल तुझं फोल्डर झाडलं.”

धाकटीने खिशातून मोबाइल काढला, भराभर टाइप केलं आणि मावशीच्या नाकासमोर धरलं: नव्यांसकट ना?

“नाही.”

धाकटीने मोबाइल खाली घेतला.

“विसरले.” मावशीने बोर्डाकडे बघितलं. “नाही. विसरले नाही. म्हणजे विसरले, पण मुद्दाम विसरले. यादीत नाव वाचलं आणि पूस म्हटलं. मी! खिडकी उघडी होती म्हणून परत आली फाईल. ती उघडी का होती, तर मी डोकावत होते म्हणून. आता आहे कपाटात, सगळी आहे. पण मी उडवली होती. आणि शेरे वाचले. तेही विचारून नाही.”

समोर बस अजून फाटकाशीच होती. बोर्डावर अजूनही तीन. बस आत वळली आणि दवाखान्याच्या दाराकडे दिसेनाशी झाली. मावशी चार वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे बघत राहिली, शेवटपर्यंत.

“तुझं रोप वाढतं ना,” ती मध्येच म्हणाली, “त्याचंसुद्धा पोटात दुखतं माझ्या. रोपाचं! आणि सासूबाई वर येतात, आणि साहेब आरसा म्हणतात, आणि तू हसतेस. किती गं हसतेस! आणि आता हे. तू माझी चूक काढलीस ना, त्यापेक्षा ती लपवून ठेवलीस त्याचा मला जास्त राग आलाय. बघ आता काय करायचं ते.”

धाकटीचे डोळे भरून आले होते, पण मायेने नव्हे. रागाने. तिने टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. मग मोबाइल खिशात टाकला आणि कापूस, डॉक्टर, सगळं विसरून एकेक शब्द चावत म्हणाली, “अकरा. दिवस. उभी. होते. ताई.”

बस आली. नऊ मिनिटं झाली होती. धाकटी चढली आणि पुढच्या एकमेव मोकळ्या जागेवर बसली. मावशी मागे उभी राहिली, दांडीला धरून, ऑफिस येईपर्यंत.

दुपारी बसवाले आले. तिघेजण, त्यातल्या बाईच हुद्द्याने मोठ्या. मशीन लख्ख, नवे बोर्ड सुरेख, साहेब खूश. आणि मग शंकासुराने आपल्या नावाला जागून हात वर केला.

“एक शंका. दवाखान्याच्या थांब्यावर नेहमी तीनच का दिसतात?”

साहेबांनी डोळ्यांनी त्याला खाऊन टाकलं. धाकटीने खाली बघितलं. तिला बोलता येत नव्हतं, आणि मावशीच्या लक्षात आलं, की बोलता आलं असतं तरी ती बोलली नसती. ‘रहदारी हो,’ हे शब्द मावशीच्या जिभेवर आले. रोजचे होते, सवयीने आले.

“कारण हिशेब चुकीचा आहे,” ती म्हणाली. “माझा. चार वर्षं. बस आत वळते हे मी धरलंच नाही. हिने शोधून काढलंय, अकरा सकाळी थांब्यावर उभं राहून. दुरुस्तीही तयार आहे, नोंदवायची तेवढी राहिलीय. आणि ती राहिली माझ्यामुळे.”

बसवाल्या बाईंनी धाकटीकडे बघितलं. “अकरा दिवस? आमचे लोक एक दिवस उभे राहत नाहीत.”

धाकटीने सुजलेल्या गालाने हसायचा प्रयत्न केला. अर्धंच हसू आलं, तरी सगळे तिच्याकडेच बघायला लागले. मावशीच्या पोटात पुन्हा ती जुनी कळ आली, ओळखीची, घरच्यासारखी.

संध्याकाळी साहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं, की गटप्रमुख धाकटी. “मावशी, तुम्ही समजून घ्याल.” मावशी म्हणाली, “नाही घेणार. पण चालेल.” साहेबांना हसावं की नाही ते कळलं नाही.

घरी जिन्यात धाकटीने तिला गाठलं. सूज जराशी उतरली होती, शब्द अजून कापसातून यायचे.

“ताई. मी अजून रागावलेय.”

“रागाव. मीही जळतेय अजून. सगळं एका दिवसात कसं पुसलं जाईल?”

“ती फाईल उद्या कमिट करतेय. पुरावा म्हणून लागेल म्हणाले साहेब.”

“शेऱ्यांचा रकाना काढ आधी. अख्खं ऑफिस माझी चप्पल वाचेल.”

“काढते. पण आधी बारावी ओळ भरायचीय. आजची.”

“बोर्ड तीन, बस नऊ. आणि शेरा काय?”

“ताईंनी फाईल उडवली.”

मावशी एक पायरी खाली उभी होती. तिने वर बघितलं.

“लिही. खरं आहे ते. पण परत आणली, हेही लिही की.”

धाकटी वर जायला वळली. “बघते,” ती म्हणाली. “रकाना लहान आहे, ताई.”

वरून सासूबाईंची हाक आली, चहा झालाय म्हणून. कुणाला हाक मारली ते त्यांनी सांगितलं नाही. मावशी वर गेली. बसून प्यायली.